दाखला काढून शारदाश्रमात

१९८४ हे साल गव्हाण, जासई, न्हावा, उलवे या पट्ट्यात गोळीबाराचं साल म्हणून लक्षात आहे. नवी मुंबईसाठी सिडकोनं ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायला काढल्या होत्या. योग्य मोबदल्यासाठी नेते दि. बा. पाटलांच्या मागं शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि १६ व १७ जानेवारीला जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचे बळी घेतले. भातखाचरं आणि मिठागरं गेल्यावर पोरांनी करायचं काय, हा प्रश्न त्या वर्षी इथल्या प्रत्येक पडवीत होता. खाडीपलीकडं वांद्र्याच्या साहित्य सहवासात त्याच वर्षी एका घरात अगदी निराळा विषय चालू होता: अकरा वर्षांच्या धाकट्याची शाळा बदलायची का?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र मुंबईच्या शालेय क्रिकेटमधल्या शाळाबदलीची कथा आजवर दादरमध्ये बसूनच सांगितली गेली आहे. ती खाडीच्या अलीकडून ऐकली की शिक्षणाचा हिशेब जरा वेगळा लागतो.

आधी शाळा का बदलायची ते पाहू. मुंबईत लहान मुलाचं क्रिकेट क्लबपेक्षा शाळेवर जास्त अवलंबून राहिलं आहे. १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची हॅरिस शिल्ड मोठ्या मुलांसाठी, आणि गाइल्स शिल्ड धाकट्यांसाठी. वर्तमानपत्रात नाव येणार ते या दोन स्पर्धांतून, निवड समितीचा माणूस येऊन उभा राहणार तोही इथंच. स्पर्धा बाद पद्धतीची. म्हणजे शाळेचा संघ कच्चा असला तर तुम्ही कितीही चांगले असा, पहिल्या फेरीत हरलात की वर्ष संपलं. संघ भक्कम असला तर तोच मुलगा चार-पाच सामने जास्त खेळतो, आणि तेही तीन-तीन दिवसांचे. क्रिकेटवेड्या मुलाच्या दृष्टीनं शाळा म्हणजे हंगामात किती डाव मिळणार याचा आकडा. वर्गशिक्षक कोण, गणित कोण शिकवतं, हे त्याच्या यादीत फार खाली.

हा आकडा रमाकांत आचरेकरांइतका कोणाला कळला नसेल. जन्म मालवणचा, १९३२चा. नोकरी स्टेट बँकेत. स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना, तोही बँकेसाठी मोईनुद्दौला स्पर्धेत. शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबची त्यांची जाळी होती आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाची धुराही त्यांच्याकडं होती. सकाळ-संध्याकाळ मैदानावर दिसणारा चांगला मुलगा दुसऱ्या शाळेकडून खेळतो, हे प्रशिक्षकाला अडचणीचं होतं. सर पालकांना सांगत, मुलाला शारदाश्रमात घाला. यात सरांचा स्वार्थ नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्यांना शिल्ड जिंकायची होती. पण मुलाला डाव मिळणार होते हेही तितकंच खरं, आणि दोघांचं हित एकाच दिशेला असल्यामुळं दाखला काढायला फारसं कोणी आडवं आलं नाही.

१९८४ मध्ये अजित तेंडुलकर धाकट्या भावाला, सचिनला, घेऊन आचरेकरांकडं गेला, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. सचिन तोवर वांद्र्यालाच, इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. शाळा घराजवळ. शारदाश्रम दादरला. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, आई एलआयसीत. ज्या घरात पुस्तकांचे ढीग असतात आणि पाहुणेही साहित्यातलेच असतात, त्या घरानं मुलाची शाळा क्रिकेटसाठी बदलली, ही त्या काळच्या मराठी मध्यमवर्गात सहज घडणारी गोष्ट नव्हती. मला वाटतं हे पाऊल त्या घराला परवडलं, कारण घसरलंच तर सावरून धरणारं बरंच काही तिथं आधीपासून होतं.

सुरुवातीला वांद्र्याहून ३१५ नंबरची बेस्ट बस. किटबॅग घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढणारं ते पोर आणि वैतागलेला कंडक्टर डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. मग शिवाजी पार्कला राहणाऱ्या सुरेशकाका आणि मंगलाकाकूंकडं मुक्काम हलला आणि पुढची चार वर्षं तो तिथंच राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दिवसाचं वर्णन सचिननं आत्मचरित्रात केलं आहे: सकाळी साडेसात ते साडेदहा सराव, दुपारी सामना, संध्याकाळी पुन्हा सराव. खेळायचे कपडे एकच जोड. सकाळी घामानं भिजलेले कपडे धुवायचे, उन्हात टाकायचे, दुपारी तेच घालायचे. बाकी सगळं वाळायचं, खिसे मात्र ओलेच राहायचे. शिवाजी पार्कच्या उन्हात ओल्या खिशात हात घालून उभा असलेला तो मुलगा मला त्याच्या पुढच्या कित्येक शतकांपेक्षा जास्त काही सांगतो. काकूंचं घर मैदानापासून दहा मिनिटांवर नसतं तर धुणं, वाळवणं आणि परत येणं जमलंच नसतं. शाळा बदलून भागत नव्हतं, घरही बदलावं लागत होतं. ज्याची काकू शिवाजी पार्कला नाही, त्यानं काय करायचं?

विनोद कांबळी कांजूरमार्गच्या चाळीतून लोकलनं यायचा. वडील मेकॅनिक. अमोल मुझुमदार बी.पी.एम. हायस्कूलमधून शारदाश्रमात आला. असे आणखीही होते. वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं एका शाळेच्या हजेरीपटावर गोळा झाली, आणि त्या पटाचं फळ २३ ते २५ फेब्रुवारी १९८८ला आझाद मैदानावर दिसलं. हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, समोर सेंट झेवियर्स. २ बाद ८४ वर सचिन आणि विनोद एकत्र आले आणि डाव घोषित झाला तेव्हा धावफलकावर २ बाद ७४८ होते. भागीदारी ६६४ धावांची. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण डाव घोषित करायला खुणावत होते आणि ही दोघं तिकडं बघायचंच टाळत होती, असं सांगतात. पुढचा फलंदाज मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. झेवियर्सच्या साईराज बहुतुलेनं त्या डावात २७ षटकं टाकली, १८२ धावा दिल्या. पुढं तोही भारताकडून खेळला. झेवियर्सचा डाव १४५ मध्ये आटोपला, त्यात कांबळीच्याच सहा विकेट्स.

या सामन्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत. मला त्यातली तारीख खटकते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. संघ जितका चांगला तितके सामने जास्त, आणि सामने जितके जास्त तितके ते परीक्षेच्या उंबरठ्याजवळ. बाद पद्धतीनं हुशार खेळाडूला अभ्यासातून आपोआप बाहेर ढकललं, त्यासाठी कोणी वाईट माणूस लागला नाही. सराव परीक्षा बुडाली, प्रयोगवही अपुरी राहिली, तर शाळा सांभाळून घ्यायची. शिल्ड आणणाऱ्या मुलाला कोण अडवणार? तीन दिवस मैदानावर असलेल्या मुलाचा त्या तीन दिवसांतला धडा मात्र कोणी परत शिकवत नव्हतं. १० डिसेंबर १९८८ला सचिननं रणजीच्या पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध शतक केलं, १५ नोव्हेंबर १९८९ला कराचीत कसोटी पदार्पण. वय सोळा. अकरावी-बारावीचं वय. प्राध्यापकाच्या या मुलाला कॉलेजची पदवी मिळाली नाही, आणि त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही, हे ओघानंच आलं.

पण मग बाकीच्यांच्या आई-बापांना धास्ती का वाटत नव्हती? सगळी पोरं सचिन होणार नाहीत हे त्यांनाही कळत होतंच. याचं उत्तर मैदानाबाहेर, फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत आहे. टाइम्स शिल्डसाठी टाटा, मफतलाल, एसीसी, निरलॉन, स्टेट बँक अशा कंपन्या आणि बँका संघ पोसत. सुनील गावसकर, संदीप पाटील, रवी शास्त्री निरलॉनमध्ये, अजित वाडेकर स्टेट बँकेत, एकनाथ सोलकर मफतलालमध्ये, दिलीप वेंगसरकर टाटांकडं. भारताकडून न खेळलेले, नुसते बरे खेळणारेही अशा नोकऱ्यांत चिकटत. सकाळी सही, दुपारी नेट, महिन्याला पगार आणि निवृत्तीनंतर पेन्शन. गणितात पस्तीस मिळालेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला गणितात ऐंशी मिळालेल्या मुलाइतकीच खुर्ची मिळू शकत होती. म्हणजे शाळाबदलीतला धोका पालक पत्करतात असं दिसत होतं, प्रत्यक्षात त्याचा विमा कंपन्यांनी उतरवलेला होता. शारदाश्रमाची कथा सांगताना हा विमा सहसा विसरला जातो.

आधीच्या पिढीला शाळेपाठोपाठ कॉलेजचाही आधार होता. गावसकर सेंट झेवियर्स शाळेतून सेंट झेवियर्स कॉलेजात गेले. रोहिंटन बारिया ही आंतरविद्यापीठ स्पर्धा १९३५-३६ पासूनची, आणि तिच्यात मुंबई विद्यापीठाकडून खेळणं म्हणजे रणजीच्या दाराशी पोचणं. रुईया, पोदार, रुपारेल, कीर्ती यांना चांगला क्रिकेटपटू हवाच असायचा. खेळायचं तर कॉलेजात नाव हवं आणि नाव हवं तर निदान परीक्षेला बसायला हवं, असं ते गणित. पंधराव्या वर्षी रणजी खेळून सचिननं हा जिनाच गाळला. त्याच्यानंतर प्रत्येक आई-बापाला वाटू लागलं की जिना गाळता येतो.

नव्वदच्या दशकापासून कंपन्यांचे संघ एकेक करून ओसरले. कापड गिरण्या गेल्या, नोकरभरती आटली. २००८ला आयपीएल आलं आणि खेळातला पैसा वरच्या मूठभरांकडं गेला. शाळाबदल मात्र थांबला नाही, उलट वाढला. आता पुढाकार प्रशिक्षकाचा आणि खर्च शाळेचा. बोरिवलीत दिनेश लाड यांनी एका मुलाला स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये यायला सांगितलं. तो आजी-आजोबा आणि काकांकडं राहायचा, नव्या शाळेची फी घराला झेपणारी नव्हती. शाळेनं फी माफ केली, चार वर्षं. तो रोहित शर्मा. त्याच लाडांना २००६ मध्ये पालघरकडचा एक पोरगा विरुद्ध संघातून खेळताना दिसला. वय पंधराच्या आसपास, म्हणजे बरोबर दहावीच्या तोंडावर. पालघर ते बोरिवली रोजची लोकल, शाळा, सराव आणि बोर्डाचं वर्ष हे एकत्र बसत नव्हतं, वडिलांना तेच पटत नव्हतं. तेव्हा लाडांनी शार्दूल ठाकूरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. सरांची बायको परक्या मुलाला वर्षभर जेवू घालते, हा या शाळाबदलीचा न लिहिलेला खर्च. सचिनला काकू मिळाली, शार्दूलला सरांचं घर.

पृथ्वी शॉला तेही नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, वडील पहाटे विरारहून मुलाला घेऊन निघायचे, वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्डपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर. याच रिझवीकडून सर्फराज खाननं २००९ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ४३९ केले, पृथ्वीनं २०१३ मध्ये ५४६. अंजुमन इस्लामकडून यशस्वी जैस्वालनं २०१५ मध्ये गाइल्स शिल्डच्या एका सामन्यात नाबाद ३१९ धावा आणि ९९ धावांत १३ विकेट्स काढल्या. हे आकडे बघताना हात आपोआप टाळीसाठी उठतो. पण एका संघाकडून ५४६ होतात तेव्हा समोरही एक शाळा असते. बऱ्याचदा आपल्या चांगल्या मुलांचे दाखले आधीच गेलेली, फुटबॉल आणि खो-खोच्या मुलांनी अकरा भरून उतरलेली. त्या मुलांचा तो दिवस कोणत्या शैक्षणिक उद्दिष्टात बसतो हे शिक्षण खात्यालाच माहीत.

हाच गोंधळ अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये आहे आणि तिथं निदान त्याची मोजदाद होते. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदलीची नोंद करणारी ऑनलाइन व्यवस्था आली, २०२१ मध्ये एकदा न थांबता बदली करायची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा. अटी म्हणजे, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा चाळीस टक्के भाग पूर्ण, मग साठ, मग ऐंशी. गडबड अशी की एका विद्यापीठातले श्रेयांक दुसऱ्यात पुरते धरले जात नाहीत, आणि तीन ठिकाणी खेळलेला मुलगा पदवीपासून लांबच राहतो. आपल्याकडं शाळेतल्या खेळाडूसाठी असला टक्का कोणी मोजत नाही. दहावी-बारावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि वर्ग बुडून बुडून शाळाच सुटली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. शेवटी पदरात थोडं पडावं याची सोय आहे. मधली वर्षं कशी गेली हे विचारणारा मात्र कोणी नाही.

गव्हाणला रयत शिक्षण संस्थेचं छत्रपती शिवाजी विद्यालय आहे. समजा १९८४ मध्ये तिथल्या एखाद्या सातवीतल्या मुलाच्या हातात सचिनइतकाच गुण असता. वाशीपर्यंत मुंबईची लोकल १९९२ मध्ये आली, पनवेलपर्यंत १९९८ मध्ये. त्या मुलाला एसटीनं खाडीपूल ओलांडून दादरला जायला आणि यायला अख्खा दिवस लागला असता. मुक्कामाला नातेवाईक असलेच तर गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, आधीच आठ माणसं झोपत असलेल्या. शिवाय शारदाश्रमाचं इंग्रजी माध्यम.  आगरी-कोळी घरातल्या, मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला विज्ञान आणि भूगोल एकदम इंग्रजीतून समोर आला असता, तोही सामन्यांमुळं अर्धे तास बुडवून. फी माफ करून भरून निघेल असलं हे नुकसान नाही.

म्हणून या पट्ट्यात खेळाडूनं शाळा बदलली नाही, संघ बदलला. पनवेल-उरणात टेनिस बॉलच्या स्पर्धा गावागावांत होतात, रात्री दिव्यांच्या उजेडात, मालिकावीराला मोटारसायकल. चांगला फटकेबाज या गावाकडून आज, त्या गावाकडून उद्या. त्यासाठी दाखला लागत नाही, शाळाही लागत नाही. जमिनीचे पैसे आले, साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, त्या काळात अशा स्पर्धांना बहर आला. त्यातून शाळा सुटलेले किती, याचा हिशेब क्रिकेटच्या कोणत्याच इतिहासात यायचा नाही, कारण त्यांच्या डावांची स्कोअरबुकं मुंबईच्या संघटनेकडं जात नाहीत.

आता अंतर संपलंय. बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, उरणपर्यंतची १२ जानेवारी २०२४ला, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. शिवडी तासाच्या आत. बदलत्या उलव्यात क्रीडा संकुल उभं राहिलं, अकादम्यांचे फलक लागले. १९८४ मध्ये जो मुलगा दादरला पोचूच शकला नसता, त्याला आता प्रशिक्षक घरापर्यंत शोधत येईल. आणि पालकांना निरलॉन किंवा मफतलाल सापडणार नाही.

आझाद मैदानावरच्या त्या तिघांचं पुढं काय झालं? सचिनचं जगाला ठाऊक आहे. कांबळीनं १९९३ मध्ये लागोपाठ कसोट्यांत २२४ आणि २२७ केले, सतरा कसोट्यांत ५४ची सरासरी ठेवली, आणि त्याची शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षीच होऊन गेली. २०२२ मध्ये त्यानं मुलाखतीत उघडपणे सांगितलं की घर क्रिकेट मंडळाच्या पेन्शनवर चालतं, काम हवं आहे. एकच शाळा, एकच सर, एकच भागीदारी. शाळेबाहेर पाठीशी काय होतं ते मात्र दोघांचं वेगळं.

मुझुमदारनं रणजी पदार्पणात २६० केले, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढल्या आणि भारतासाठी एकही सामना त्याला मिळाला नाही. तो प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ला, गव्हाणहून खाडी ओलांडली की लागणाऱ्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. कर्णधार हरमनप्रीत कौर मोग्याची. शाळेत असताना कमलदीशसिंग सोढींनी तिला ज्ञानज्योती शाळेत आणलं, घरापासून तीस किलोमीटरवर.